हुकूम आणि समज : आमवाताच्या रुग्णाची आरोग्यसाक्षरता

ज्या आजाराचा इलाज पाच दिवसांत आटोपतो, त्यात रुग्णाने डॉक्टरांचे म्हणणे निमूटपणे ऐकून गोळ्या संपवल्या, तर त्याला आपल्या आजाराचे काडीचेही ज्ञान नसले तरी बहुधा निभावते. परंतु जो आजार ऐन पस्तिशी-चाळिशीत येतो आणि पुढे आयुष्यभर मुक्काम ठोकतो, ज्याची औषधे मोजूनमापून घ्यावी लागतात, ज्यात रक्ततपासणीची मुदत चुकवून चालत नाही, आणि कोणते दुखणे सोसावे व कोणत्या तापाला तातडीने दवाखाना गाठावा याचा निर्णय ज्यात रात्री-अपरात्री घरातच करावा लागतो, त्या आजाराचा खरा कारभारी रुग्णच असतो. तज्ज्ञ डॉक्टरांची गाठ वर्षाकाठी चार-सहा वेळा पडणार, तीही दहा-पंधरा मिनिटांची. उरलेल्या साऱ्या काळाचा अंमल रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हाती. हा कारभार पाहण्यास लागणारी समज त्यांना कोणी दिली, किती दिली, आणि ती पोहोचली की नाही याची रुजुवात कोणी केली, हा प्रश्न आरोग्यसाक्षरता या नावाने गेली सुमारे पन्नास वर्षे अभ्यासकांपुढे आहे. आमवात, म्हणजे वैद्यकात ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार, समोर ठेवून त्या प्रश्नाचा आढावा येथे घ्यावयाचा आहे; आणि या चौकशीत आजवर बहुतेक वेळा रुग्णालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले, हुकूम देणाऱ्यांच्या हुकुमाची भाषा मात्र क्वचितच तपासली गेली, असे माझे मत आहे, ते आरंभीच नमूद करतो.

आमवात हा विरळा आजार नव्हे. पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्याच्या संधिरोग केंद्राने १९९६ पासून घरोघर पाहणी केली, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने जगभर चाललेल्या एका उपक्रमाचा तो भाग होता, आणि तिच्यात प्रौढांपैकी दर हजारी सुमारे पाच जणांना हा आजार आढळला. उत्तरेकडे दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागातील, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण हजारी साडेसातपर्यंत गेले होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुप्पट-तिप्पट आढळतो. आपल्या वैद्यकाला आमवात अपरिचित नव्हता, कारण माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र आजच्या व्यवहारात गुडघ्यांची वयोमानाने होणारी झीज, कंबरेची उसण, चिकनगुनियानंतरची सांधेदुखी आणि हा आजार या सर्वांना सरसकट संधिवात म्हणून एकाच खात्यात टाकले जाते. त्याचा परिणाम असा होतो की, जिची बोटे सकाळी दोन-दोन तास आखडलेली राहतात, जिला कणीक मळता येत नाही नि पदराला पिन लावता येत नाही, त्या बत्तीस वर्षांच्या बाईला शेजारची सत्तरीची आजी आपलेच तेल आणि आपलाच काढा सुचवते, आणि ज्या पहिल्या सहा महिन्यांत औषध सुरू झाले असते तर सांध्यांचे हाड वाचले असते, ते महिने मालिश आणि वेदनाशामक गोळ्या यांत निघून जातात.

आरोग्यसाक्षरता ही संज्ञा १९७४ च्या सुमारास अमेरिकेत प्रथम वापरात आली, ती शाळेतील आरोग्यशिक्षणाच्या संदर्भात. पुढे २००० साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासक डॉन नटबीम यांनी तिचे तीन स्तर सांगितले, ते आजही उपयोगी पडतात. पहिला स्तर कामापुरता, म्हणजे औषधाच्या पट्टीवरील नाव आणि मात्रा वाचता येणे. दुसरा संवादाचा, म्हणजे आपल्या शरीरात काय चालले आहे ते डॉक्टरांना उपयोगी पडेल अशा रीतीने सांगता येणे. तिसरा चिकित्सेचा, म्हणजे जाहिरात, शेजाऱ्याचा सल्ला आणि मोबाइलवर आलेला मजकूर यांची पारख करता येणे. आमवाताच्या रुग्णाला तिन्ही लागतात. 'फार दुखतं हो' एवढेच सांगणाऱ्या बाईपेक्षा 'सकाळी उठल्यावर बोटं आखडतात ती नऊ वाजेपर्यंत सुटत नाहीत, मागच्या महिन्यात आठालाच सुटत होती' असे सांगणारी बाई डॉक्टरांच्या हाती कितीतरी अधिक देते, कारण ताठरपणाचा हा कालावधी रोगाची गती दाखवणाऱ्या खुणांपैकी एक आहे. हे सांगण्यास शाळेची पायरी चढावी लागत नाही. कोणी तरी एकदा 'हे मोजून ठेवा' असे म्हणावे लागते.

मोजमापाच्या साधनांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्यांतच एक मोठी गफलत दडलेली आहे. अमेरिकेत १९९३ पासून रूढ झालेली एक चाचणी रुग्णाला वैद्यकातले ६६ शब्द मोठ्याने वाचायला लावते आणि जितके नीट उच्चारले तितकी साक्षरता मानते. दुसरी, १९९५ ची, गाळलेल्या जागा भरून घेते. २००५ ची एक सुटसुटीत चाचणी आइस्क्रीमच्या डब्यावरचा तक्ता दाखवून सहा प्रश्न विचारते. पहिल्या चाचणीचे तत्त्व इंग्रजीत चालते, कारण त्या भाषेत शब्दाचा उच्चार येणे हे बहुधा तो शब्द पूर्वी ऐकल्याचे लक्षण असते. देवनागरीत चौथी शिकलेली बाईदेखील 'रोगप्रतिकारक्षमता' हा शब्द अडखळत का होईना पण बिनचूक वाचते, आणि त्या वाचनावरून तिला त्याचा अर्थ कळला किंवा नाही याचा पत्ताच लागत नाही. स्पॅनिश भाषेची हीच अडचण ओळखून २००६ साली ५० शब्दांची नवी चाचणी केली गेली, तिच्यात प्रत्येक शब्दाचा अर्थसंबंधही विचारला जातो. २०१३ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेली प्रश्नावली याहून पुढे गेली आहे: तिचे ४४ प्रश्न नऊ भागांत विभागलेले असून, 'मला समजून घेणारा डॉक्टर मला लाभला आहे का', 'मला सामाजिक आधार आहे का', 'या व्यवस्थेत कोठे जावे हे मला कळते का', अशा गोष्टींनाही त्यांत स्थान आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांहून अधिक नोंदली गेली, म्हणून आपले आरोग्यव्यवहारही तितकेच सुरळीत असतील असे कोणी समजू नये.

आता ज्या एका ठिकाणी समजेचा अभाव जिवावर बेततो, तेथे जरा थांबतो. आमवाताच्या उपचाराचा कणा म्हणजे मेथोट्रेक्सेट. ज्या प्रयोगशाळेत हे द्रव्य १९४० च्या दशकात सिद्ध झाले, तेथील संशोधनाचे नेतृत्व भीमावरमला जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रथम ते कर्करोगावर मोठ्या मात्रेत वापरले गेले, आणि आमवातासाठी त्याला अमेरिकेत अधिकृत मान्यता १९८८ साली मिळाली. आमवातात त्याची मात्रा साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, आणि तीही आठवड्यातून एकदाच. शरीरातील फॉलिक आम्लाच्या कार्यात ते अडथळा आणते, म्हणून जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती बहुधा मेथोट्रेक्सेटचा वार सोडून इतर दिवशी. हे औषध रोज घेतले गेले तर आठवड्याभरातच तोंड सोलवटते, गिळता येत नाही, ताप येतो, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी झपाट्याने घटतात, आणि मूत्रपिंडे आधीच कमजोर असतील तर प्राणावर संकट येते. इंग्लंडमध्ये रुग्णसुरक्षेसाठी नेमलेल्या राष्ट्रीय यंत्रणेने २००४ साली मागील दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तोंडाने घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेटच्या घोटाळ्यांशी निगडित २५ मृत्यू पुढे आले. त्यानंतर तेथे रुग्णाच्या हाती रक्ततपासणीच्या नोंदीची पुस्तिका देण्याची तजवीज झाली. ज्या देशात औषधविक्रीवर कडक देखरेख आहे आणि रुग्णाच्या नावाची चिठी डब्यावर चिकटवून मिळते, तेथली ही स्थिती.

आपल्याकडची चिठ्ठी समोर ठेवून पाहा. तिच्यावर औषधाच्या नावापुढे १-०-१ असे आकडे असतात. सकाळ, दुपार, रात्र या तीन वेळांचा तो संकेत इतका रूढ आहे की, अक्षरओळख नसलेला माणूसही तो बोटाने दाखवून सांगतो. हा संकेत दिवसाचा आहे. त्यात आठवड्याला जागाच नाही. तेव्हा १-०-० असे लिहून पुढे घाईघाईत 'ओ. डब्ल्यू.', म्हणजे आठवड्यातून एकदा, असे लिहिले, तर मेडिकलच्या दुकानातला पोऱ्या ते 'ओ. डी.', म्हणजे दिवसातून एकदा, असे वाचू शकतो, आणि रुग्ण तर ते आकडे आपल्या जन्माच्या सवयीप्रमाणे रोज सकाळी एक असेच वाचणार. शिवाय नावांचे साम्य पाहा: मेथोट्रेक्सेटच्या बाजारातील एका प्रसिद्ध गोळीचे नाव फोलिट्रॅक्स, आणि फॉलिक ॲसिडच्या तितक्याच प्रसिद्ध गोळीचे नाव फॉलवाइट. एक आठवड्यातून एक दिवस, दुसरी उरलेले सहा दिवस. दोन्ही लहान, दोन्हींची सुरुवात एकाच ध्वनीने. त्यांची अदलाबदल झाली तर सहा दिवस विष आणि एक दिवस उतारा, असा उफराटा प्रकार होतो, आणि चिठ्ठीवरचा शब्द न् शब्द पाळल्याच्या विश्वासाने तो होतो. त्यात पट्टी कापून देण्याचा आपला शिरस्ता आहे. चार गोळ्या पाहिजेत म्हणून दुकानदार पट्टीला कात्री लावतो, औषधाचे नाव नि मुदतीची तारीख दुकानातल्या अर्ध्या तुकड्यावर राहते, आणि रुग्णाच्या घरी निनावी चंदेरी तुकडा जातो. अशा वेळी रुग्णाच्या वाचनशक्तीची परीक्षा घेण्यात काय अर्थ आहे? वाचायला काही उरलेलेच नसते.

दुसऱ्या टोकाला सुशिक्षित रुग्ण उभा आहे. तो पट्टीवरचे नाव मोबाइलवर शोधतो, हे कर्करोगाचे औषध आहे असे वाचतो, घाबरून गोळ्या बंद करतो आणि पुढच्या भेटीत संकोचाने 'चालू आहेत' असे सांगतो. त्याला कोणी आधीच सांगितले नव्हते की, कर्करोगातील मात्रा याच्या अनेकपट असते, आणि मात्रेबरोबर औषधाचा स्वभावही बदलतो. पदवी असलेल्या माणसाला वाचता येते, पण वाचलेल्यातले आपल्याला किती लागू आहे हे ठरवता येईलच असे नाही. कमी शिकलेल्याची चूक निदान रक्ताच्या तपासणीत दिसते, याची चूक वर्षभर झाकलेली राहते.

सूचना पाठ म्हणता येणे आणि ती अमलात आणता येणे यांत केवढे अंतर आहे, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने आकड्यांत दाखवले. तीन शहरांतील दवाखान्यांत आलेल्या ३९५ रुग्णांना औषधांच्या डब्यांवरील सूचना वाचून दाखवायला आणि समजावून सांगायला लावले. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी साक्षर रुग्णांपैकी ७०.७ टक्क्यांनी बरोबर सांगितली. पण दिवसाच्या एकूण गोळ्या समोरच्या डब्यातून काढून दाखवा असे म्हटल्यावर केवळ ३४.७ टक्क्यांनाच ते जमले. म्हणजे मान डोलावणारे आणि तोंडाने बरोबर बोलणारे यांच्यातलेही निम्मे घरी गेल्यावर चुकणार होते. याच्या जोडीला स्मरणाचा प्रश्न आहे: डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी चाळीस ते ऐंशी टक्के भाग रुग्ण ताबडतोब विसरतो असे संशोधनाचे आढावे सांगतात, आणि जे आठवते त्यातलेही बरेच चुकीचे आठवते. यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. सांगून झाल्यावर रुग्णाकडून ते त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे, चुकले तर पुन्हा सांगावे, एवढाच. पण सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टरांनी सांगितलेल्या १२४ नव्या गोष्टींपैकी केवळ १५ गोष्टींची अशी खातरजमा केली गेल्याचे आढळले. आपल्याकडच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात, जेथे एका सकाळी शेकड्यांनी केसपेपर निघतात, तेथे हे प्रमाण याहून बरे असेल अशी आशा कशाच्या जोरावर धरावी?

स्टिरॉइडची कथा वेगळी. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या एका रुग्णेला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांना केंडाल आणि राइकश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या आनंदावर लवकरच पाणी पडले, कारण दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, हे दिसून आले. आज आपल्या समाजात या औषधाविषयी दोन परस्परविरुद्ध अज्ञाने एकाच वेळी नांदतात. एक म्हणते, स्टिरॉइड म्हणजे विष, ते एक दिवसही नको. आणि त्या भयाने महिनोन्महिने चालू असलेली गोळी एका सकाळी अचानक बंद केली जाते, ज्यामुळे शरीराचे स्वतःचे संप्रेरक जागे होण्याआधीच रक्तदाब कोसळून माणूस कोलमडतो. दुसरे अज्ञान अधिक करुण आहे: ज्यात तत्काळ गुण येतो तेच खरे औषध, अशी श्रद्धा ठेवून रुग्ण जत्रेतल्या किंवा दूरच्या गावच्या नामांकित माणसाकडून पुड्या आणतो; अशा निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे डॉक्टरांना वारंवार आढळते, आणि स्टिरॉइडला विष म्हणणारी तीच व्यक्ती, जडीबुटी समजून, तेच विष बिनमोजणीने घेत असते.

या साऱ्याच्या तळाशी आजाराच्या कल्पनेविषयीचा गोंधळ आहे. आपले पांढरपेशे जग गेली काही वर्षे प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या मागे लागले आहे, आणि या रुग्णाला तर डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देतात. तेव्हा घरचे म्हणतात, हा कसला इलाज! शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटली आहे, आणि कुंपणानेच शेत खाल्ले तर शेतकरी कुंपण अधिक उंच करत नाही, असे एका वाक्यात सांगितले तर मराठी माणसाला हा आजार जितका उमगतो, तितका दहा पानी पत्रकाने उमगत नाही, असा माझा अनुभव आहे. ही समज नसली म्हणजे काय होते, याचा दाखला करोनाच्या काळात मिळाला. गुळवेलीचा काढा घरोघरी उकळू लागला, आणि २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांत आधीपासून अशा स्वप्रतिकाराकडे कल असलेले रुग्ण होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख पटवण्यात गल्लत झाली असावी असे म्हटले. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बाईने मात्र, जे औषध आधीच यकृताच्या तपासणीवर लक्ष ठेवून द्यावे लागते त्याच्या जोडीला काढा घेण्यापूर्वी विचारावे, एवढी सूचना तरी तिला मिळायला हवी होती. त्याआधी, मार्च २०२० मध्ये, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताच्या आणि ल्युपस या स्वप्रतिकाराच्याच दुसऱ्या आजाराच्या रुग्णांची नित्याची गोळी करोनाप्रतिबंधक म्हणून एकाएकी प्रसिद्धीस आली, आरोग्यसेवकांना ती देण्याची शिफारस झाली, भीतीपोटी लोकांनी घरात साठे केले, सरकारला विक्रीवर निर्बंध घालावे लागले, आणि ज्यांना ती खरोखर हवी होती ते रुग्ण दुकानादुकानांतून रिकाम्या हाताने परतले. समाजाच्या आरोग्यसाक्षरतेची किंमत कोण मोजतो, याचे एवढे उघड उदाहरण क्वचित सापडेल.

तपासण्यांविषयी थोडक्यात. 'आर. ए. पॉझिटिव्ह आलं' या वाक्याने अनेक घरांत रडारड होते. वस्तुतः या तपासणीत रक्तातला जो घटक शोधतात, तो आमवाताच्या पाचातल्या किमान एका रुग्णात सापडत नाही, आणि क्षयरोगासारख्या दीर्घ संसर्गात किंवा म्हातारपणी धडधाकट माणसातही सापडतो. ल्युपससाठी करावयाच्या ए. एन. ए. तपासणीची गोष्ट तशीच: रक्त चाळीसपट पातळ करून तपासले तर निरोगी माणसांतही सुमारे तिघांत एकाचा अहवाल 'पॉझिटिव्ह' येतो. कागदावर ठळक अक्षरांत छापलेला शब्द निदान करत नाही. सुजलेला सांधा पाहून, दाबून, कालावधी विचारून निदान होते. ही एक गोष्ट कळली तर निम्मी अनावश्यक तपासणी आणि निम्मी अनावश्यक भीती कमी होईल.

आणि मग घराचा प्रश्न येतो, ज्याकडे पाश्चात्त्य प्रश्नावल्या पुरेशा पाहत नाहीत. आपल्याकडे रुग्ण एकटी नसते. फाइल नवऱ्याच्या हाती असते, डॉक्टरांशी बोलणे सासरा करतो, मेडिकलमध्ये दीर जातो, पथ्य सासूबाई ठरवतात: आंबट बंद, दही बंद, वांगे आणि हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून बंद, आणि ज्या बाईला लोह आणि प्रथिने यांची गरज सर्वांत अधिक तिच्या ताटात भात आणि पातळ वरण. आमवाताच्या रुग्णाने या पदार्थांपैकी अमुक सरसकट टाळलेच पाहिजे, असा भक्कम पुरावा नाही. पण पथ्याला विरोध करण्याचे बळ तिच्यात नसते, आणि डॉक्टरांनी ते सासूबाईंच्या देखत सांगितलेले नसते. लग्न ठरलेल्या मुलीची गोष्ट याहून कठीण. आजार लपवला जातो, फाइल माहेरच्या कपाटात राहते, आणि सासरी एकतर गोळ्या बंद होतात किंवा चोरून चालू राहतात. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, गर्भधारणेच्या कित्येक आठवडे आधीच ते थांबवावे लागते, आणि त्याच्या जागी गर्भारपणात चालणारी सल्फासॅलाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांसारखी औषधे देता येतात. मातृत्वाचा मार्ग या आजाराने बंद होत नाही. हे वाक्य लग्नाच्या वयातल्या प्रत्येक रुग्णेला स्पष्ट शब्दांत, पुरेसा एकान्त देऊन सांगितले पाहिजे, आणि बहुतेक वेळा ते सांगितले जात नाही, कारण खोलीत तिचे वडील बसलेले असतात. तेव्हा आरोग्यसाक्षरता एका डोक्यात मोजण्याऐवजी घरात मोजावी. कोणाला काय ठाऊक आहे, आणि जिला ठाऊक असायला हवे तिच्यापर्यंत ते पोहोचले आहे का, हे पाहावे.

शिक्षणाने खरोखर फरक पडतो का, हा प्रामाणिकपणे विचारण्याचा प्रश्न आहे. आमवाताच्या रुग्णशिक्षणाविषयीच्या प्रयोगांचा जो विस्तृत आढावा कॉक्रेन या संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष संयत होता: अशा वर्गांचा अल्पकाळ लहानसा लाभ होतो, दीर्घकाळ टिकणारा लाभ सिद्ध झालेला नाही. हा निष्कर्ष वाचून खचून जाण्याचे कारण नाही, पण तो दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, स्टॅनफर्ड येथे केट लोरिग यांनी संधिरोगाच्या रुग्णांचे वर्ग सुरू केले, ते चालवणारेही बहुधा रुग्णच असत. आणि पुढे अभ्यासाअंती त्यांना असे दिसले की, वर्गानंतर ज्यांची वेदना घटली त्यांच्यात घट घडवून आणणारी गोष्ट ज्ञानात पडलेली भर ही नसून, आपण हे निभावू शकतो हा विश्वास होता. माझ्या मते या दोन निष्कर्षांचा मेळ असा घालावा: भाषण ऐकून झालेले ज्ञान विरते, हाताने करून पाहिलेली कृती आणि तिच्यातून आलेला धीर टिकतो. मुंबई-पुण्याकडे चकचकीत माहितीपत्रकांवर जो खर्च होतो, त्यातला बराचसा वाया जातो तो यामुळेच.

आपल्याला परक्या देशांचे दाखले शोधत बसण्याचे कारणही नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या ग्रामआरोग्यसेविका घडवल्या, त्यांतल्या अनेकींना सुरुवातीला लिहिता-वाचता येत नव्हते; तरी त्या आपल्या गावातील गरोदर स्त्रियांचा नि कुष्ठरुग्णांचा हिशेब ठेवत. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे अडचण अशी होती की, बाळाला न्यूमोनिया झाला की नाही हे ठरवण्यास मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि ज्या दायांनी ते मोजायचे त्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांनी दायांना पाढे शिकवण्यात वर्षे घालवली नाहीत. मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले एक साधे साधन बनवले, ज्यावर दहा श्वासांगणिक एक मणी सरकवायचा असतो. साधन माणसाच्या मापाचे केले, माणसाला साधनाच्या मापाचे होण्यास भाग पाडले नाही. आमवाताच्या क्षेत्रात हे अजून व्हायचे आहे.

ते कसे व्हावे याविषयी माझ्या काही सूचना आहेत. मेथोट्रेक्सेटची ओळ चिठ्ठीवर आकड्यांच्या संकेतात कधीही लिहू नये. वाराचे नाव देवनागरीत पूर्ण लिहावे, आणि तो वार रुग्णाने निवडावा. खेड्यातल्या माणसाला आठवड्याची जाणीव बाजाराच्या दिवसाने असते, कोणाला गुरुवारी दत्ताच्या आरतीने असते. बाजारचा दिवस गोळीला चांगला, उपासाचा वार टाळावा, कारण रिकाम्या पोटी या गोळीने मळमळते आणि मळमळ हे गोळी सोडून देण्याचे मोठे कारण आहे. दोन गोळ्या दोन वेगळ्या रंगांच्या डब्यांत द्याव्यात. तोंड आले, ताप आला, धाप लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी यावे, ही ताकीद चिठ्ठीच्या पाठीवर छापलेली असावी. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला, त्याचा अंमल निदान या एका औषधापुरता तरी कसोशीने व्हावा. मधुमेह, रक्तदाब यांसाठी असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निमित्ताने आशाताई घरोघर जातात. आमवात त्या यादीत नसला तरी 'ही गोळी तुम्ही कोणत्या वारी घेता?' हा एक प्रश्न त्यांच्या फेरीत बसवता येईल, आणि उत्तर 'रोज' असे आले तर काय करायचे हे त्यांना अर्ध्या तासात शिकवता येईल.

शेवटची सूचना मोजमापाची. मराठीत आरोग्यसाक्षरतेची स्वतंत्र कसोटी करायची झाली तर ती शब्द वाचून घेणारी नसावी. रुग्णेपुढे दोन औषधांच्या पट्ट्या आणि सात खणांचा डबा ठेवावा, येत्या आठवड्याच्या गोळ्या भरून दाखवायला सांगावे, आणि ज्या नातेवाइकाच्या हाती घरची औषधे असतात त्यालाही तेच स्वतंत्रपणे करायला लावावे. चुकलेला प्रत्येक खण रुग्णाच्या नावावर न मांडता चिठ्ठी लिहिणाऱ्या विभागाच्या नावावर मांडावा, आणि दर तिमाहीस तो आकडा विभागप्रमुखांपुढे जावा. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांच्या औषधवाटपाच्या खिडकीशेजारी एक टेबल, एक प्रशिक्षित परिचारिका आणि प्रत्येक रुग्णामागे चार मिनिटे एवढ्यावर हा प्रयोग उद्या सुरू करता येईल.